आगीच्या हातची चित्रे

२० ऑक्टोबर १९६३ रोजी दिल्लीच्या रवींद्र भवनात एका चित्रप्रदर्शनाचे उद्घाटन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. कलावंत बारा, बहुतेक तरुण. गटाचे नाव 'ग्रुप १८९०'. कॅटलॉगची प्रस्तावना मेक्सिकोचे भारतातील राजदूत आणि कवी ऑक्टाव्हिओ पाझ यांनी लिहिली होती. इतक्या मानाने उघडलेल्या या प्रदर्शनात जेराम पटेल यांची जाळलेली लाकडे होती आणि हिंमत शाह यांचे जाळलेले कागद होते. लाकडावर ब्लोटॉर्चची ज्योत फिरवली होती, कागदांना भोके पडतील असे चटके दिले होते. जे काळे दिसत होते ते कोणत्याही ट्यूबमधून आलेले नव्हते.

प्रदर्शन दहा दिवस चालले. गटाने पुन्हा एकत्र प्रदर्शन केले नाही. आपल्याकडच्या अमूर्त चित्रकलेचा इतिहास सांगताना या दहा दिवसांना दोन-तीन ओळी मिळतात आणि त्यातही आगीची गोष्ट 'एक प्रयोग' म्हणून उरकली जाते. मला ती उरकायची नाही. मी बिदर जिल्ह्यातल्या औरादचा. धातूवरचा काळा रंग उष्णता आणि माती मिळून कसा काढतात, हे आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या लोक जाणून आहेत. त्यामुळे जेराम पटेलांच्या काळ्याकडे मी थोडा वेगळ्या वाटेने जातो.

जेराम पटेल मूळचे गुजरातमधल्या सोजित्र्याचे, जन्म १९३०. पण चित्रकार म्हणून त्यांची पहिली घडण मुंबईत झाली. १९५० ते १९५५ ही पाच वर्षे ते सर ज. जी. कलाशाळेत होते. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह गट १९४७मध्ये निघून मुंबईत गाजला होता. जे.जे.मधूनच बाहेर पडलेले वासुदेव गायतोंडे त्या दशकात हळूहळू आकृतीपासून दूर चालले होते. चित्रात माणूस, झाड, घर दिसलेच पाहिजे का, हा प्रश्न मुंबईच्या हवेत होता. पुढे १९५७ ते १९५९ जेरामभाई लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये अक्षररचना आणि जाहिरात-संकल्पन शिकले. ही बाब किरकोळ वाटेल, पण तशी नाही. अक्षररचना शिकलेल्या माणसाला काळा आणि मोकळी जागा यांचा तोल रक्तात मुरवावा लागतो. अक्षर जितके काळ्याने बनते तितकेच भोवतीच्या पांढऱ्यानेही बनते. त्यांच्या नंतरच्या कामातले ठाम, मोठे, एकसंध काळे आकार पाहताना हे शिक्षण आठवते.

परत आल्यावर साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी कुंचला बाजूला ठेवून ब्लोटॉर्च उचलला. प्लायवूड घ्यायचे, तुकडे जोडायचे, ज्योतीने भाजायचे, काही ठिकाणी कोरून काढायचे, कुठे खिळे किंवा पत्रा बसवायचा. चित्र आणि शिल्प यांच्या मधली अशी ती वस्तू तयार होई.

इथे जरा थांबून प्लायवूड जळताना काय होते ते पाहिले पाहिजे, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवलेले असतात. एका थराचे तंतू उभे असतील तर त्याखालच्याचे आडवे. ज्योत लागली की आधी लाकडातले पाणी वाफ होऊन जाते. वरचा थर पिवळसर होतो, मग तांबूस तपकिरी. दोन-तीनशे अंश सेल्सिअसच्या घरात लाकूड फुटू लागते, त्यातून वायू आणि धूर निघतो आणि मागे कोळसा राहतो. तंतूंमधला मऊ भाग लवकर जळतो, टणक भाग मागे राहतो, त्यामुळे लाकडाच्या रेषा उठून वर येतात. कोळसा आक्रसतो आणि त्याला आडव्या-उभ्या भेगा पडून चौकटी तयार होतात. ज्योत पहिला थर पार करून गेली की खालचे आडवे तंतू उघडे पडतात आणि भेगांची दिशा एकदम बदलते. आणखी एक गोष्ट: कोळशातून उष्णता सहज आत जात नाही. वर कोळशाची साय धरली की तीच खालच्या लाकडाचे रक्षण करते आणि जळणे मंदावते. म्हणजे खोल जायचे असेल तर चित्रकाराला कोळसा खरवडून पुन्हा ज्योत लावावी लागते. लाकूड स्वतःच अडवते, स्वतःच वाट देते. किती वेळ धरायचे, कुठून उचलायचे आणि कुठे थांबायचे, एवढेच माणसाच्या हातात. कुंचल्याचा चुकीचा फटकारा पुसता येतो. जळलेले लाकूड पुन्हा न जळलेले करता येत नाही.

आगीकडे वळणारे जेराम पटेल जगात एकटे नव्हते. व्हिएन्नात जन्मलेले अतिवास्तववादी चित्रकार वोल्फगांग पालेन यांनी १९३६-३७च्या सुमारास कॅनव्हास पालथा धरून खालून पेटती मेणबत्ती फिरवली. मेण पुरते जळत नाही, काजळी वर जाते आणि ओल्या तैलरंगाला धरते. त्या धुराच्या डागांतून जे सुचेल ते पालेन पुढे कुंचल्याने वाढवत. १९३९मध्ये ते मेक्सिकोला गेले. अतिवास्तववाद्यांचे अग्रणी आंद्रे ब्रेतों यांच्या वर्तुळात वावरलेले मेक्सिकन पाझ चोवीस वर्षांनी दिल्लीत भाजलेल्या लाकडांच्या प्रदर्शनाला प्रस्तावना लिहितात, हा दुवा मला फार मोलाचा वाटतो.

इटलीचे आल्बेर्तो बुर्री डॉक्टर होते. १९४३मध्ये ट्युनिशियात पकडले गेले आणि टेक्सासमधल्या हेरफर्ड इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्यांनी चित्रे काढायला घेतली. पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून ते लाकूड, कापड, कागद आणि नंतर प्लास्टिक जाळून चित्रे करू लागले. शल्यचिकित्सकाच्या जखमा म्हणून लोकांनी ती वाचली. बुर्रींना मात्र असे अर्थ लावलेले कधीच रुचले नाहीत. जर्मनीचे ओटो पीने यांना शाळकरी वयातच विमानविरोधी तोफांच्या कामाला जुंपले होते. तेच पीने १९५९पासून भोके पाडलेल्या पडद्यांतून काजळी सोडून गोल ठिपक्यांची धूरचित्रे करू लागले. हाइन्त्स माक यांच्यासोबत त्यांनी ड्युसेलडोर्फमध्ये 'झीरो' ही चळवळ सुरू केली होती. लहानपणी ज्या आकाशातून आग पडली, त्या आकाशाकडे पुन्हा प्रकाश आणि धूर घेऊन जायचे, असा त्यांच्या कामाचा एकूण सूर आहे.

आणि मग फ्रान्सचे इव क्लाईन. १९६१मध्ये त्यांनी पॅरिसजवळ गाझ द फ्रान्स या गॅस कंपनीच्या चाचणी केंद्रात प्रचंड बर्नर हातात धरून पुठ्ठ्यांवर आगीची चित्रे केली. शेजारी अग्निशामक दलाचा माणूस पाण्याचा पाइप घेऊन उभा असे. पाण्याने जिथे ओलावा राहिला तिथे आग फिकी पडली आणि चित्रात पाण्याचीही खूण उमटली. ६ जून १९६२ रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, क्लाईन हृदयविकाराने गेले.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २५ आणि २६ ऑगस्ट १९६२ला, गुजरातमधल्या भावनगरला एका घरी काही चित्रकार जमले. घराचा क्रमांक १८९०. गटाला तेच नाव ठेवले, कारण त्यात कोणत्याही पंथाचा वास नव्हता. जगदीश स्वामिनाथन, जेराम पटेल, अंबादास, ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख, हिंमत शाह, राघव कनेरिया, राजेश मेहरा, रेड्डप्पा नायडू, एरिक बोवेन, बाळकृष्ण पटेल आणि एस. जी. निकम असे बारा जण या गटात होते. त्यांतल्या बऱ्याच जणांची वाट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून गेलेली. तिथल्या ललित कला विभागात चित्रकला शिकवायला इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे होते. गायकवाडांच्या बडोद्याने आणि एका मराठी शिक्षकाने घडवलेली ही पिढी होती, हे आपण विसरतो.

गटाचा जाहीरनामा स्वामिनाथनांनी लिहिला. त्यात त्यांनी तीन गोष्टी नाकारल्या: राजा रविवर्म्याचा दिसते तसे रंगवण्याचा हव्यास, बंगाल शैलीतले स्वप्नाळू ग्रामचित्र आणि युरोपातल्या आधुनिक कल्पना उचलून भारतीय विषयावर चिकटवण्याची पद्धत. यातला तिसरा नकार सर्वांत धाडसी, कारण तो जवळच्यांना लागणारा होता. चित्र हे कशाचे तरी चित्र असण्याआधी ते स्वतःच एक अस्तित्व आहे, असे त्यांना म्हणायचे होते. झाड उगवते तसे चित्र घडावे. आता या दाव्यासमोर जेराम पटेलांचे लाकूड उभे करा. ते आगीचे चित्र नाही. त्यात ज्वाळा रंगवलेल्या नाहीत, राखेची आठवण करून देणारी छटा नाही. आग तिथे येऊन गेली आहे आणि तिने जे केले तेच समोर आहे. जाहीरनाम्यातली सगळ्यांत अवघड गोष्ट गटातल्या एका माणसाने शब्दांशिवाय करून दाखवली होती.

बुर्री आणि पीने यांची आग युद्धातून आली, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही. त्यांच्या पिढीने शहरे जळताना पाहिली. जेराम पटेलांच्या आगीचे कूळ तिथे शोधू नये, असे माझे मत आहे. बुर्रीशी तुलना लगेच सुचते, कारण बुर्रींनीही लाकूड जाळले. पण बुर्रींच्या कामात पृष्ठभाग फाटतो आणि बहुतेक वेळा त्याला शिवण, डाग, सांधा येतो. जेराम पटेलांच्या फळीवर आकार आतून वाढल्यासारखा पसरतो आणि कडेला येऊन अडतो. एकाने जे नासले त्याला रूप दिले, दुसऱ्याने नासण्यातच वाढ पाहिली. ही आग कारागिराच्या भट्टीच्या जास्त जवळची आहे.

म्हणून मी बिदरकडे येतो. औरादहून बिदर चाळीसेक किलोमीटर. बिदरी काम आमच्याकडचे, बहामनींच्या राजधानीतले. २००६मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३मध्ये शाह रशीद अहमद कादरी यांना बिदरीसाठी पद्मश्री मिळाली. भांडे जस्ताचे, त्यात थोडे तांबे, साधारण सोळास एक. ओतल्यावर ते राखाडी, निस्तेज दिसते. त्यावर मोरचुदाचे पाणी लावून तात्पुरता काळेपणा आणतात, म्हणजे कोरणीच्या रेषा उठून दिसाव्यात. कोरून झाले की खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात, घासून गुळगुळीत करतात. या टप्प्यावर सगळे एकसारखे पांढुरके दिसते. राखाडी धातू आणि चांदी यांत नवख्याला फरकही कळत नाही.

मग शेवटचे काम. बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणतात, जिथे वर्षानुवर्षे ऊन-पाऊस पोहोचलेला नाही अशा जागची. माती योग्य आहे की नाही हे कारागीर ती जिभेवर ठेवून ठरवतात. तिच्यात नवसागर मिसळून पाणी करतात, भांडे गरम करतात आणि ते पाणी त्याला लावतात. जस्त बघता बघता गडद काळे होते, चांदीला काही होत नाही. धुऊन, तेलाचा हात फिरवला की काळ्यावर पांढरी वेल उमटते. तो काळा रंग कुणी लावलेला नसतो. धातू, उष्णता आणि माती यांनी मिळून तो आतून वर आणलेला असतो आणि कारागिराने एवढेच ठरवलेले असते की कोणता भाग काळा व्हावा आणि कोणता होऊ नये.

जेराम पटेल आणि बिदरचे कारागीर यांना मी एका ओळीत बसवतो तेव्हा एकाने दुसऱ्याकडून घेतले असा माझा दावा नाही. मला दोघांच्या कामातली शिस्त एक दिसते. दोघेही वस्तूच्या स्वभावाला विचारतात आणि मग निसर्गातल्या एका शक्तीला काम करू देतात. दोघांनाही थांबण्याचा क्षण ओळखावा लागतो. आणि ही सांगड गटाच्या विचाराला परकी नाही. त्याच स्वामिनाथनांनी १९८२मध्ये भोपाळच्या भारत भवनात 'रूपंकर' हे कलासंग्रहालय उभे केले तेव्हा आदिवासी आणि लोककलाकारांची कामे शहरी आधुनिक चित्रकारांच्या कामांबरोबर ठेवली. कारागीर एका दालनात आणि कलावंत दुसऱ्या, ही विभागणी त्यांनी मोडली. त्या दालनांचा न्याय लावला तर बिदरीचा सुरई-हुक्का आणि जेराम पटेलांची फळी शेजारी ठेवायला कोणाची हरकत नसावी.

आगीची दुसरी बाजूही बिदरला माहीत आहे. बहामनींचे वजीर महमूद गावान यांनी १४७२च्या सुमारास बांधलेला मदरसा सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात ढासळला. समोरच्या दोन मिनारांपैकी एक गेला, दर्शनी भागाचा मोठा हिस्सा गेला आणि जी रंगीत कौले उरली ती आजही उरलेल्या मिनारावर दिसतात. ती कौलेही शेवटी भट्टीतच भाजलेली. ज्या शक्तीने रंग पक्का केला तिनेच इमारत पाडली. आगीला माणसाचा हेतू नसतो. हे ज्याला ठाऊक आहे त्याने ब्लोटॉर्च हातात घेतला तर त्याच्या कामात आत्मप्रौढी येत नाही, आणि जेराम पटेलांच्या फळ्यांत मला ती कुठे दिसत नाही.

हिंमत शाह यांचे कागद आकाराने आणि स्वभावाने वेगळे. लोथलचा जन्म, जे.जे.मध्ये थोडा काळ आणि मग बडोदा. कागदाला जळते टोक लावले की भोक पडते, त्याला तपकिरी कडा येते, ती कडा हळूहळू सरकत राहते आणि विझते. लाकडासारखा विरोध कागद करत नाही; तो लगेच शरण जातो. त्यामुळे इथे कसब वेगाचे. असे कागद एकावर एक चिकटवून त्यांनी कोलाज केले. पण त्यांची आग तिथे संपली नाही. पुढे त्यांनी मातीची मुंडकी घडवली, भट्टीत भाजली, कांस्यात ओतली आणि त्याच कामाने त्यांना मोठे नाव दिले. जाळलेल्या कागदाकडे तरुणपणीची खोड म्हणून पाहणाऱ्यांनी हा धागा पाहावा. गटातले शिल्पकार राघव कनेरिया त्याच सुमारास भंगारातले लोखंड वेल्डिंगने जोडत होते. बारांतल्या तिघांच्या हातात कुठल्या ना कुठल्या रूपात ज्योत होती.

आणि अंबादास. अंबादास खोब्रागडे, जन्म १९२२, अकोला. वऱ्हाडातून जे.जे.मध्ये, तिथून विणकर सेवा केंद्रात संकल्पनकाराची नोकरी, गटात वयाने सर्वांत वडीलधाऱ्यांपैकी. त्यांनी काही जाळले नाही. मी त्यांना या गोष्टीत आणतो ते गटाची खरी समजूत त्यांच्या कॅनव्हासवर दिसते म्हणून. दाट तैलरंगाचा रुंद, लांब फटकारा एका बाजूने निघतो, वळतो, दुसऱ्यावरून जातो आणि त्यात रंगाचे कितीतरी धागे वेगवेगळे राहतात. आकृती काढण्याचा प्रयत्न नाही, रचना आखून ठेवल्याची खूण नाही. रंगाचे वजन, त्याचा चिकटपणा, हाताची गती यांतून जे वाहिले ते राहिले. जेराम पटेलांनी आगीला जे करू दिले ते अंबादासांनी ओल्या रंगाला करू दिले. १९७२मध्ये ते नॉर्वेला गेले, ऑस्लोत राहिले, तिथेच २०१२मध्ये गेले. परदेशी गेल्यावरही त्यांनी चित्राची ही रीत सोडली नाही. आपल्याकडे अमूर्तावर मराठीत बोलणे निघाले की गायतोंडे, बरवे, कोलते हे चित्रकार येतात, आणि यावेतच. पण अकोल्याच्या या माणसावर मराठीत जेवढे लिहिले जायला हवे होते त्याचा एक अंशही लिहिला गेलेला नाही, याचे मला वाईट वाटते.

प्रदर्शनानंतर गट पांगला. कारणे फार नाट्यमय नाहीत: नोकऱ्या, शिष्यवृत्त्या, वेगवेगळी शहरे आणि मुळात कोणत्याही समान शैलीचा आग्रह न धरणारा जाहीरनामा. एकसारखे दिसायचेच नाही असे ठरवलेल्या लोकांनी एकत्र राहावे तरी कशासाठी? स्वामिनाथनांनी १९६६मध्ये 'काँट्रा' हे नियतकालिक काढले, शेख आणि चित्रकार भूपेन खक्कर यांनी १९६९पासून 'वृश्चिक' हे नियतकालिक चालवले. जेराम पटेल बडोद्याला शिकवत राहिले. त्यांनी कागदावर काळ्या शाईची चित्रे केली, १९६६ची 'हॉस्पिटल' मालिका त्यांपैकीच. त्या चित्रांत काळा आकार कागदावर असा वाढतो की ब्लोटॉर्च धरलेला हात ओळखू यावा. शाईतही त्यांनी भाजणेच चालू ठेवले, असे मला वाटते.

१८ जानेवारी २०१६ला ते बडोद्यात गेले. त्याच वर्षी दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयात त्यांच्या कामाचे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले आणि त्याच वर्षी डीएजी या कलादालनाने ग्रुप १८९०वर प्रदर्शन भरवले. दहा दिवसांच्या त्या घटनेकडे पुन्हा नीट पाहायला अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. हिंमत शाह मार्च २०२५मध्ये जयपूरला गेले.

कधी जेराम पटेलांच्या फळीसमोर उभे राहण्याचा योग आला तर मधल्या काळ्या भागाकडे आधी पाहू नका. काळा आणि न जळलेले लाकूड जिथे भेटतात ती कड पाहा. तिथे तपकिरीच्या चार-पाच पायऱ्या असतील, कुठे बोटभर रुंद, कुठे केसाएवढ्या. पायऱ्या रुंद असतील तिथे ज्योत दूर धरून हळू फिरवली आहे. अरुंद असतील तिथे जवळ आणून चटकन उचलली आहे. तंतूंच्या दिशेने कड पुढे धावली असेल, आडव्या दिशेने अडखळली असेल. एवढे वाचता आले की चित्रकाराचा हात, लाकडाचा स्वभाव आणि आगीचा वेग हे तिन्ही वेगवेगळे दिसू लागतात.